कोणत्या वेळी, कोणत्या मनाला कोणतं गाणं? शास्त्रीय संगीत निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरी महिन्यातून एकदा गाणं ऐकायला दहा-बारा जण जमतात. ऐकून झालं की चहाबरोबर प्रश्न निघतात आणि मग महिनाभर फोनवर येत राहतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः हिंदुस्थानी संगीताबद्दल आहेत. कर्नाटक संगीताचा विषय प्रश्न १४ मध्ये येतो.

१. मला रागातलं काही कळत नाही. तरी मनाप्रमाणे गाणं निवडता येईल का?

येईल. राग ओळखणं वेगळं आणि त्याने मनाला काय होतंय ते कळणं वेगळं. दुसरी गोष्ट पहिल्या दिवसापासून जमते.

सुरुवात जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांनी करा. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, द. वि. पलुसकर या मंडळींनी तेवढ्या जागेत अख्खा राग उभा केलाय. खरखर असते, पण दोन दिवसांत कान ती बाजूला सारतो. एकच गाणं निवडा आणि आठवडाभर रोज साधारण त्याच वेळेला ऐका. त्या आठवड्यात दुसरं काही शोधू नका. सातव्या दिवशी ते गाणं तुम्हाला कोणत्या वेळी हवंसं वाटतं, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

२. रागांच्या वेळा कुठून आल्या? त्या पाळायलाच हव्यात का?

दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे तीन-तीन तासांचे आठ प्रहर मानतात आणि राग त्यांत वाटले जातात. ही परंपरा जुनी आहे. पण तिच्यामागचं सुरांचं गणित नीट मांडून दाखवलं ते पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेला हा वकील गावोगावी फिरून बंदिशी, म्हणजे रागांतल्या बांधलेल्या रचना, गोळा करत राहिला.

त्यांचं सूत्र थोडक्यात असं. (सा रे ग म प ध नि यांची पूर्ण नावं षड्ज, रिषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. मूळ जागेवरचा सूर शुद्ध, उतरवलेला कोमल, चढवलेला तीव्र.) रिषभ कोमल आणि गंधार-निषाद शुद्ध असतील तर बहुतेक राग दिवस-रात्रीच्या सांध्यावरचे, म्हणजे संधिप्रकाश राग. रिषभ, गंधार, धैवत शुद्ध असतील तर सांध्यानंतरचे. गंधार-निषाद कोमल असतील तर दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या बाजूचे. सकाळ की संध्याकाळ, हे मध्यम सांगतो: शुद्ध मध्यम सकाळकडे, तीव्र मध्यम संध्याकाळकडे. भैरव पहाटेचा, पुरिया धनाश्री दिवेलागणीची, यमन त्यानंतरचा, मालकंस उत्तररात्रीचा, हे या हिशेबात बसतं. तोडी बसत नाही. तिच्यात तीव्र मध्यम आहे आणि ती सकाळचीच आहे. सूत्राने वाट दाखवावी, अडवू नये.

घरी ऐकताना वेळ मोडली म्हणून कुणी रागावणार नाही. पण सुरुवातीचं वर्षभर तरी वेळ पाळा, असं मी आग्रहाने सांगते. रोज संध्याकाळी साडेसहाला तोच उजेड, तोच वरण-भाताचा वास आणि तोच राग, असं झालं की तो राग स्मरणात जागा धरतो. नंतर तो दुपारी लावला तरी खोलीत संध्याकाळ होते.

३. एकाच रागाचं एक रेकॉर्डिंग शांत वाटतं आणि दुसरं अंगावर येतं. मग ‘शांत राग’ असं काही असतं का?

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. रागांचे तक्ते सगळीकडे मिळतात: अमुक राग आनंदी, तमुक करुण. ते अर्धंच सांगतात. उरलेलं अर्धं लयीत असतं.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालात बारा मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण ते एक मिनिटभर चालतं. म्हणजे एका समेवरून, तालाच्या पहिल्या मात्रेवरून, दुसऱ्या समेवर यायला तेवढा वेळ. द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात सोळा मात्रा चार-पाच सेकंदांत संपतात. राग दरबारीच असला, तरी पहिल्यात तुमचा श्वास संथ होतो आणि दुसऱ्यात पाय ठेका धरतो.

म्हणून निवडताना आधी लय ठरवा, मग आवाज किंवा वाद्य, आणि राग शेवटी. मन स्थिर करायचं असेल तर आलाप (तालाआधीचा संथ सुरविस्तार) आणि विलंबित, कामाला लागायचं असेल तर मध्यलय, मरगळ झटकायची असेल तर द्रुत, तराणा (अर्थ नसलेल्या बोलांचं जलद गाणं) किंवा सतारीचा झाला (वादनाचा शेवटचा वेगवान भाग). विलंबित, मध्यलय, द्रुत या तीन शब्दांवर पुढची बरीच उत्तरं उभी आहेत.

४. सकाळी डबे, आंघोळी, शाळेची बस. या धावपळीत काय लावू?

पहाटेचा भैरव, ललत सुंदर खराच, पण तो पहाटे पाचला. साडेसातच्या स्वयंपाकघरात खर्जातला, म्हणजे खालच्या सुरांतला, आलाप ऐकूच येत नाही. फोडणी, कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर त्याला गिळून टाकतात. मग आपण आवाज वाढवतो, आणि घरात गाणं नाही, गोंगाट होतो.

या वेळेला मध्यलयीतला छोटा ख्याल घ्या. पाच-सात मिनिटांचा, स्पष्ट ठेक्याचा. अल्हैया बिलावल, देशकार, जौनपुरी हे सकाळचे उजळ राग. मालिनी राजूरकरांचे टप्पे (चपळ तानांची गाणी) आणि छोटे ख्याल माझ्या ओट्यावर वर्षानुवर्षं वाजतायत. पोळी लाटताना त्यांची लय हातात येते. संथ, लांब चालणारा मोठा ख्याल रविवारी.

५. अभ्यासाला किंवा ऑफिसच्या कामाला मागे काय असावं?

शब्द नसलेलं. बंदिशीचे शब्द कळायला लागले की मन त्यांच्यामागे जातं. संतूर, बासरी, सरोद यांतलं मध्यलयीचं काहीही चालतं. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्यासाठी छान आहे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अहिर भैरवापासून सुरू होऊन पहाडीत मावळतो. पहिल्यांदा मात्र ती कामाशिवाय, नुसती ऐका.

पाठांतर करायचं असेल तर गाणं बंद ठेवा. त्या वेळी नुसता तानपुराही जास्त होतो.

६. दुपारच्या जेवणानंतर?

भर दुपारी वृंदावनी किंवा शुद्ध सारंग. उन्हं कलायला लागली की भीमपलास, त्यानंतर मुलतानी. सुट्टीच्या दिवशी पडदे ओढून अर्धवट झोपेत ऐकलेला भीमपलास ज्याने अनुभवलाय, त्याला अधिक सांगायची गरज नाही.

७. संध्याकाळी काही कारण नसताना उदास वाटतं. आनंदी राग लावला तर आणखीच खिन्न वाटतं. असं का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात आणि दर थंडीत येतो. विचारणारे बहुतेक एकटे राहणारे, किंवा मुलं नुकती बाहेरगावी गेलेले आईवडील असतात.

उदास माणसाला हसऱ्या घोळक्यात बसवलं तर तो जास्त एकटा पडतो. तसंच इथे होतं. आपल्या परंपरेने त्या वेळेचे राग आनंदी ठेवलेच नाहीत. मारवा घ्या. त्यात पंचम नाही, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर जोर, आणि गाणारा षड्जावर येणं लांबवत राहतो. घराच्या दारापर्यंत यायचं आणि उंबरा ओलांडायचा नाही, असं चाललेलं असतं. मग कधीतरी षड्ज लागतो आणि छातीतून काहीतरी सुटतं. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा ऐका. तो तुमची उदासी नाकारत नाही, तिच्या शेजारी बसतो.

पण मारव्यावर थांबू नका. माझा क्रम असा: आधी मारवा किंवा श्री, वीस मिनिटं. मग पुरिया धनाश्री. तिच्यात पंचम आहे, पायाखाली जमीन येते. त्यानंतर दिवा लावून यमन. यमनापर्यंत पोचता पोचता बाहेर अंधार पडलेला असतो आणि तो खटकत नाही. भीमसेन जोशींची पुरिया धनाश्री आणि किशोरीताई आमोणकरांचा यमन या वाटेवर मला अनेकदा घेऊन गेले आहेत.

उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप आणि भूक गेली, तर डॉक्टरांकडे जा. गाणं सोबत येईल, पण उपचार त्यांचेच (प्रश्न १२ पाहा).

८. झोप येण्यासाठी लावलेलं रेकॉर्डिंगच मला जागं करतं. काय चुकतंय?

रेकॉर्डिंग पूर्ण वाजतंय, हेच चुकतंय. मैफलीची घडणच चढत जाणारी असते. आलापाने सुरू झालेलं गाणं तासाभरात द्रुत तानांवर, सुरांच्या वेगवान लडींवर, पोचतं, आणि नेमका डोळा लागला की तबला कडाडतो.

म्हणून झोपेसाठी फक्त आरंभ घ्या आणि फोनवर वीस मिनिटांनी बंद होण्याची वेळ लावा. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्या रुद्रवीणेचा आलाप यासाठी फार मोलाचा. पनवेलजवळच्या पळस्पे गावात त्यांनी ध्रुपदाचं गुरुकुल उभारलं. त्यांचा एक सूर विरून जाईपर्यंत दुसरा येत नाही. निखिल बॅनर्जींच्या सतारीतले सुरुवातीचे आलापही तसेच. राग बागेश्री, दरबारी किंवा मालकंस. लहान मुलाला झोपवायचं असेल तर यांतलं काही नको. तुमच्या स्वतःच्या आवाजातली अंगाई, कशीही असली तरी.

९. गाडी चालवताना शास्त्रीय लावलं की पेंग येते. उपाय?

विलंबित गाडीत लावू नका, एवढाच. आणखी एक अडचण आवाजाची. टायरांच्या घरघरीत आलाप ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि द्रुत आलं की तोच आवाज अंगावर येतो. दचकून हात हलणं घाटात परवडणारं नाही. नाट्यसंगीत, सतार-सरोदवरच्या मध्य-द्रुत गती (तालातल्या रचना), अभंग घ्या. रात्रीच्या लांबच्या प्रवासात शेजारच्याशी गप्पा बऱ्या.

१०. लग्नात सनई लावायची आहे. कोणते राग चालतात, कोणते टाळावेत?

मुहूर्त सकाळचा असेल तर अल्हैया बिलावल, भैरव, तोडी. गोरज मुहूर्त असेल तर पुरिया धनाश्री, मग यमन, भूप. प्रत्यक्ष सनई-चौघडा बोलावणार असाल तर वादकाला फक्त मुहूर्ताची वेळ आणि विधींचा क्रम कळवा. राग तो बरोबर निवडतो. हे त्याचं पिढीजात काम आहे. सोलापूरकडची सुंदरी मिळाली तर सोडू नका. आकाराने सनईहून लहान, आवाज टोकदार आणि गोड.

रेकॉर्डिंग लावणार असाल तर आधी स्वतः ऐका. आमच्या नात्यातल्या एका लग्नात सीमांतपूजन चालू असताना आवाजवाल्याने ‘सनई’ म्हणून हाती लागेल ती फाईल लावली. ती पाठवणीची धून होती. नवरीची आई तबकातलं हळदकुंकू हातात धरून रडायला लागली आणि पुढचा अर्धा तास कुणालाच सावरता आलं नाही. फाईलच्या नावावर जाऊ नका.

११. घरात मृत्यू झाला आहे. गाणं लावावं का? काय लावावं?

लावावं की नाही हे घरातल्या सगळ्यांत दुःखी माणसाने ठरवावं. इतरांनी त्याच्या वतीने ठरवू नये.

बाबा गेले तेव्हा तेरा दिवस घरात काही वाजलं नाही. चौदाव्या संध्याकाळी आई म्हणाली, “नुसता तानपुरा लाव.” मी कोपऱ्यातून बाबांचा तानपुरा काढला, गवसणी उतरवली. जोडीच्या दोन तारा उतरल्या होत्या, खर्जाची पितळी तार तेवढी जागेवर होती. तारांखालचा जव्हारीचा दोरा सरकवत सरकवत सूर जमवायला मला दहा मिनिटं लागली. मग अर्धा तास मी नुसती छेडत राहिले. कुणी गायलं नाही. आईने डोळे मिटले होते. तिला त्या दिवशी सूर हवा होता, राग नको होता.

म्हणून माझं पहिलं उत्तर तानपुरा. फोनवरचाही चालेल. त्यानंतर, जेव्हा शब्द झेपतील तेव्हा, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. ऐन उमेदीत क्षयाने त्यांना काही वर्षं गाण्यापासून तोडलं. देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली. तो काळ त्या भजनांत कुठेतरी आहे. जोगिया, भैरवी नंतर.

एक सुचवते. मोठी माणसं गेली की आकाशवाणीवर सारंगी वाजायची, म्हणून तिला अनेक घरांत अशुभ समजतात. हा सारंगीवर अन्याय आहे. गळ्याच्या इतकं जवळचं दुसरं वाद्य आपल्याकडे नाही. तिला सणावारीही घरात येऊ द्या.

१२. अमुक राग ऐकल्याने रक्तदाब किंवा मधुमेह बरा होतो, असे संदेश येतात. खरं आहे का?

औषध बंद करावं असं कोणत्याही रागात नाही. शांतपणे बसून वीस मिनिटं ऐकलं तर बरं वाटतं, श्वास संथ होतो, हा अनेकांचा अनुभव आहे आणि माझाही. पण रोगाला राग जोडलेल्या याद्या मी पुढे पाठवत नाही. दीपक रागाने दिवे लागल्याची तानसेनाची कथा आपण कथा म्हणून ऐकतो. याही तशाच ऐका आणि गोळी वेळेवर घ्या.

१३. मल्हार फक्त पावसातच ऐकायचा का? आणि पावसात तो कोणत्या वेळी?

ऋतूचे राग आपल्या ऋतूत कोणत्याही प्रहरी गाता येतात, म्हणजे प्रश्न २ मधलं घड्याळ इथे बाजूला राहतं. वसंतात बसंत आणि बहार, फाल्गुनात काफीतली होरी, चैत्रात चैती, श्रावणात कजरी आणि झूला.

मल्हार एक नाही. मियाँमल्हार म्हणजे काळा, ओथंबलेला ढग: दोन्ही निषाद जवळजवळ, आंदोलित (झुलता) कोमल गंधार, खर्जातला संचार. गौड मल्हार म्हणजे उन्हातली सर. मेघ म्हणजे लांबून येणारी गाज. बाहेर कोणता पाऊस आहे ते खिडकीतून बघा आणि निवडा.

पाऊस नसताना ऐकायला बंदी नाही. मी मात्र एप्रिल-मेमध्ये मल्हार लावत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडतो त्या दिवशी दार उघडं टाकून मियाँमल्हार लावायचा, याची वर्षभर वाट बघण्यात जे आहे ते मला गमवायचं नाही.

१४. किरवाणी, हंसध्वनी, चारुकेशी यांना वेळ कोणती?

हे राग कर्नाटक संगीतातून आपल्याकडे आले. तिथे प्रहराचं बंधन आपल्याइतकं कडक नाही, त्यामुळे यांना वेळ चिकटली नाही. तरी बहुतेक कलाकार ते संध्याकाळनंतर घेतात. हंसध्वनी गणेशोत्सवात, गृहप्रवेशाला, कोणत्याही शुभारंभाला शोभतो. तिकडचा नीलांबरी हा तर अंगाईचाच राग मानतात. लहान मूल असेल तर जरूर शोधा.

१५. भूप आणि देशकार यांचे सूर तेच, मग एक रात्रीचा आणि एक सकाळचा कसा?

सा रे ग प ध, दोन्हींत हेच पाच. भूप गंधारावर विसावतो आणि खालच्या अर्ध्या सप्तकात रमतो. देशकार धैवतावर उभा राहतो आणि वरच्या षड्जाकडे बघतो. एकाच घरात दोन माणसं राहतात, एक अंगणात बसतो, एक गच्चीवर, तसं. किशोरी आमोणकरांचा भूप ऐकून लगेच कुणाचाही देशकार ऐका. पंधरा मिनिटांत फरक कळेल.

मारवा, पुरिया आणि सोहनी ही त्याच जातीची तिकडी. सूर तेच, पण मारवा सूर्यास्ताचा, पुरिया त्यानंतरचा आणि मंद्रात, खालच्या सप्तकात, रमणारा, सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची आणि तारसप्तकातली, म्हणजे वरच्या सुरांतली. मनासाठी निवडताना याचा उपयोग असा, की मारवा जड वाटला तर त्याच सुरांत सोहनीचा उजेड मिळतो.

१६. भैरवी सकाळची, मग मैफल रात्री भैरवीने का संपते?

भैरवीत बाराही सूर घेता येतात. सगळ्या रागांचा निरोप एकाच ठिकाणी घेता येतो. त्या जागेवर ती इतकी रुळली की वेळेचा नियम तिथे लागू होत नाही. भैरवीनंतर मात्र दुसरं काही गायचं नाही, हा संकेत मी घरीही पाळते. भैरवी झाली की यंत्र बंद.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती जिथे पोचली आहे तिथे प्रहरच नाहीत.

१७. मालकंस, दरबारी उत्तररात्रीचे. पण मैफली तर दहाला संपतात. मग ते प्रत्यक्ष कधी ऐकायचे?

खरी खंत आहे ही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवही पूर्वी रात्रभर चालायचा. शालीत गुंडाळून, शेंगा खात ऐकलेला तीनच्या ठोक्याचा दरबारी आता आठवणीतच आहे. नियम योग्य आहे, आजाऱ्यांना झोप हवी. पण बंद सभागृहातल्या आणि घरगुती बैठका अजून होतात. कुणी बोलावलं तर दुसऱ्या दिवशीच्या ऑफिसचा विचार न करता जा. दिवाळी पहाटेमुळे भैरव, ललत तरी प्रत्यक्ष ऐकायला मिळतात.

१८. मी लंडनला राहतो. जूनमध्ये नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, डिसेंबरात चारच्या आधी. घड्याळ पाळू की सूर्य?

संधिप्रकाश रागांसाठी सूर्य. मारवा, श्री, पुरिया धनाश्री हे उजेड जाण्याचे राग आहेत, सहाच्या ठोक्याचे नाहीत. डिसेंबरात पावणेचारला ऑफिसच्या खिडकीबाहेर काळोख व्हायला लागेल, तेव्हा हेडफोन लावून मारवा ऐका. प्रश्न ७ मध्ये दिलेला क्रम तिकडच्या हिवाळ्याला जास्तच लागू पडतो. रात्रीच्या रागांसाठी मात्र सूर्य बघू नका, तुमची झोप बघा. घर निजलं, भांडी आवरली, रस्ता थांबला, की तुमची मालकंसाची वेळ झाली. जूनमध्ये बाहेर उजेड रेंगाळत असेल तर पडदे ओढून घ्या.